तुमचं नॉर्मल आणि गर्दीचं नॉर्मल

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळे एकच करतो, आकडे नीट वाचतच नाही, सरळ उजवीकडच्या रेंजकडे बघतो आणि कुठे ठळक अक्षर किंवा वर-खाली बाण दिसतोय का ते शोधतो, बाण नसला की सुटलो आणि असला की रात्रीची झोप गेली. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. माझं बिलिरुबिन, म्हणजे लिव्हरनं बाहेर टाकायचं रक्तातलं पिवळं द्रव्य, प्रत्येक वेळी रेंजच्या जरासं वर येतं आणि डॉक्टर नवीन असले की लिव्हरची सगळी चौकशी परत पहिल्यापासून सुरू. शेवटी एका डॉक्टरांनी माझे जुने सगळे रिपोर्ट एकाखाली एक मांडले, दोन मिनिटं बघितले आणि म्हणाले, "अहो, हे तुमचं असंच आहे, जन्मापासूनचं." याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, बिलिरुबिनचा निचरा करणारं एन्झाइम ज्या जीनवरून बनतं त्या यूजीटी१ए१ च्या सुरुवातीला एक छोटा तुकडा ६ ऐवजी ७ वेळा आलेला असतो, दोन्ही प्रती तशाच मिळाल्या की एन्झाइम कमी बनतं आणि आकडा थोडा चढा राहतो. त्रास काही नाही. पण माझं "असंच आहे" रिपोर्टवर कुठेच छापलेलं नसतं, छापलेला असतो तो फक्त बाण.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा बाण चुकीच्या तुलनेवर उभा आहे, आणि हे आपल्याला सगळ्यात स्वच्छ जर कोणी दाखवून दिलं असेल तर ते जुळ्या भावंडांच्या रक्तानं.

आधी रेंज येते कुठून ते बघू. निरोगी वाटणारी माणसं गोळा करतात, साधारण निकष किमान १२० चा आहे, त्यांचं रक्त तपासतात, आकडे चढत्या क्रमानं लावतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के काढून टाकून मधले ९५ टक्के ठेवतात. झाली रेंज. म्हणजे निरोगी १०० माणसांतली ५ माणसं व्याख्येनुसारच रेंजच्या बाहेर, त्यांना काहीही झालेलं नसताना. आणि ही एका टेस्टची गोष्ट, एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकदम केल्या तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवरही एक तरी बाण येण्याची शक्यता ६४ टक्के होते. आजकालच्या फुल बॉडी चेकअपमध्ये टेस्ट किती असतात ते आठवा. १९६९ मध्ये फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस या दोघांनी "नॉर्मल व्हॅल्यू" हा शब्द सोडा आणि "रेफरन्स व्हॅल्यू" म्हणा असं सुचवलं ते याच भानगडीमुळे, कारण नॉर्मल म्हटलं की लोकांना "निरोगी" ऐकू येतं आणि रेंज तर फक्त एवढंच सांगत असते की या अमुक गर्दीत तुम्ही कुठे उभे आहात. शब्द बदलला, आपली वाचायची सवय काही बदलली नाही.

आता गर्दीतला हा फरक म्हणजे नेमकं काय? यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे एकाच माणसाचा आकडा दिवसागणिक थोडा हलतो ते, आणि दुसरी म्हणजे माणसामाणसातला कायमचा फरक. डेन्मार्कमध्ये थायरॉइडवर एक छोटासाच पण फार महत्त्वाचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला, १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला घेतलं. दिसलं असं की प्रत्येकाचा आकडा स्वतःच्याच एका अरुंद पट्ट्यात फिरतोय, छापील रेंजच्या साधारण निम्म्या रुंदीत, आणि प्रत्येकाचा पट्टा वेगळ्या जागी. एकाचा खाली, एकाचा वर, एकाचा मध्ये. म्हणजे जी रेंज आपण एक समजतो ती खरं तर अनेक माणसांचे छोटे छोटे पट्टे एकावर एक ठेवून बनलेली आहे आणि त्यातला तुमचा कुठला हे तिच्याकडे बघून अजिबात कळत नाही.

आकडेशास्त्राच्या बाजूनं ही गोष्ट युजीन हॅरिस यांनी १९७४ मध्येच मांडून ठेवली होती. एका माणसाचं स्वतःचं हलणं भागिले माणसामाणसातला फरक, हे गुणोत्तर ०.६ च्या खाली असेल तर छापील रेंजचा त्या माणसासाठी फारसा उपयोग नाही आणि १.४ च्या वर असेल तर ती खरंच कामाची. नेहमीच्या टेस्टपैकी बऱ्याच टेस्ट, किडनीचं काम सांगणारी क्रिएटिनिन धरून, खालच्या बाजूला येतात. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला! इतकी वर्षं आपल्याला माहीत आहे की कितीतरी टेस्टसाठी ही रेंज एका माणसाबद्दल फार कमी सांगते, आणि तरी रिपोर्टचा साचा तोच.

इथपर्यंत जुळ्यांची गरज नाही, एकाच माणसाचं रक्त पुन्हा पुन्हा घेतलं तरी हे कळतं. पण त्यानं एक प्रश्न सुटत नाही. माझा पट्टा वर आणि तुमचा खाली, हा फरक आला कुठून? जन्मातून की जगण्यातून? कारण उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे, तो जगण्यातून आला असेल, म्हणजे वजनातून, सिगारेटमधून, दारूतून, तर "हे माझं असंच आहे" म्हणणं हा धोका आहे, आणि जन्मातून आला असेल तर निदान आधी थांबून विचार तरी करायला हवा.

आणि हे वेगळं करायला निसर्गानंच एक सोय करून ठेवलेली आहे. एकाच बीजापासून झालेली जुळी, म्हणजे हुबेहूब दिसणारी, त्यांची जीन्स जवळजवळ पूर्ण सारखी. दोन वेगळ्या बीजांपासून झालेली जुळी, त्यांची सरासरी निम्मी सारखी, कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकीच. पण दोन्ही प्रकारची जुळी एकाच वेळी पोटात वाढतात, एकाच घरात, एकाच वयाची असतात. मग एकबीज जोडीचे आकडे एकमेकांशी जितके जुळतात तितके द्विबीज जोडीचे जुळत नसतील तर त्या जादा जुळण्यामागे जीन्स आहेत असं धरता येतं. ढोबळ हिशेब अगदी सोपा आहे, दोन्हींच्या सहसंबंधातला (० म्हणजे काहीच जुळत नाही, १ म्हणजे पूर्ण जुळतं) फरक घ्यायचा आणि दुप्पट करायचा. समजा एकबीज जोड्यांत ०.६ आला आणि द्विबीज जोड्यांत ०.३, तर गर्दीतल्या फरकाचा ६० टक्के भाग आनुवंशिक.

आणि खरे आकडे साधारण याच पट्टीतले आहेत. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या जुळ्यांच्या नोंदींवरून २००० मध्ये जे आलं त्यात पांढऱ्या पेशींच्या संख्येत ६२ टक्के, प्लेटलेटमध्ये ५७, तांबड्या पेशींच्या संख्येत ४२, हिमोग्लोबिनमध्ये ३७ टक्के. थायरॉइडच्या टीएसएचमध्ये निरोगी डॅनिश जुळ्यांमध्ये ६४ टक्के, हा अभ्यास २००४ चा. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी टेस्ट घ्या, तिथेही ब्रिटिश जुळ्यांमध्ये ६२ टक्के निघाले, २००१ मध्ये, आणि हे वाचून मी खरोखर चकित झालो कारण आपण ती टेस्ट म्हणजे माणसाच्या खाण्याचा आणि शिस्तीचा निकाल असल्यासारखी वाचतो.

इथे एक गोष्ट फार कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. जुळ्यांचं रक्त बहुतेक वेळा एकदाच घेतात. मग त्या दिवशीचा आकडा जो जरासा वर-खाली असतो, मशीनची जी थोडी चूक असते, ते सगळं हिशेबात "जीन्समुळे नसलेला फरक" या खात्यात जातं. म्हणजे आपल्याला जे जाणून घ्यायचंय, माणसाचा तो स्थिर मधला बिंदू किती आनुवंशिक आहे, त्याचा अंदाज एका वेळच्या रक्तावरून कमीच येतो. दहा वेळा रक्त घेऊन सरासरी काढली तर टक्का वाढेल. त्यामुळे हिमोग्लोबिनचे ३७ टक्के वाचून "बाकीचं सगळं आपल्या हातात" असं समजायची घाई नको.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. हुबेहूब दिसणाऱ्या मुलांना लोक वागवतातही जास्त सारखं, त्यामुळे सगळं जुळणं जीन्सच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. एकबीज जुळ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जोड्यांना पोटात वारही एकच असते, द्विबीज जोड्यांची वेगळी असते, म्हणजे "पोटातलं वातावरण सारखं" हे गृहीतकही तंतोतंत खरं नाही. रक्ताच्या बाबतीत तर आणखी एक गंमतशीर गोष्ट आहे, गर्भात असताना रक्तपेशींची देवाणघेवाण होते आणि नेदरलँड्समधल्या १९९६ च्या अभ्यासात सुमारे ८ टक्के जुळ्यांच्या रक्तात, बहुधा अगदी थोड्या प्रमाणात, भावंडाच्या रक्तपेशी सापडल्या. अगदी एकबीज जुळीसुद्धा शंभर टक्के सारखी नसतात, आइसलँडमध्ये २०२१ साली मोजलं तेव्हा जोडीत सरासरी ५ च्या आसपास बदल असे निघाले की जे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतच वेगळे झाले होते. या सगळ्यानं टक्का पाच-दहा इकडेतिकडे होईल. पण मुद्दा कोसळत नाही, कारण वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या जुळ्यांवर तोच साचा पुन्हा पुन्हा दिसतो.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. आनुवंशिक हा शब्द ऐकला की लोक दोनपैकी एका खड्ड्यात पडतात, एक म्हणजे "मग काही करता येणार नाही" आणि दुसरा म्हणजे "मग काळजीचं कारण नाही". दोन्ही चूक. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, त्याचं उदाहरण घ्या, नॉर्वेच्या कोर बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेलं, त्याचं रक्तातलं प्रमाण बहुतांशी एकाच जीनवर ठरतं, आयुष्यभर फारसं हलत नाही, म्हणजे "माझं असंच आहे" ची याहून चांगली केस मिळणार नाही. आणि तरीही ते जास्त असलं की हृदयविकाराचा धोका वाढतो. कोलेस्टेरॉल घराण्यातूनच चढं असणारी माणसं साधारण २५० मध्ये १ असतात, जन्मापासूनचं असतं म्हणूनच ते धोक्याचं, कारण रक्तवाहिन्यांना लहानपणापासून त्रास होत राहतो, आणि औषधानं ते कमीही करता येतं. जुळ्यांचा अभ्यास फरक कुठून आला ते सांगतो, तो फरक चांगला की वाईट हे नाही सांगत. ते ठरवायला पुढे माणसाचं काय झालं हे वर्षानुवर्षं बघावं लागतं. म्हणूनच कोलेस्टेरॉल किंवा साखरेच्या बाबतीत आपण गर्दीची रेंज वापरत नाही, धोका कुठून वाढतो त्यावरून मर्यादा ठरवतो, आणि त्या मर्यादा कुणाच्या जीन्ससाठी सैल करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. जुळ्यांचा हिशेब फक्त फरकांवर चालतो, जे सगळ्यांनाच झालंय ते त्याला दिसतच नाही. एखाद्या समाजात सगळ्यांचंच वजन वाढलं, सगळ्यांच्याच लिव्हरमध्ये थोडी चरबी साठली तर सरासरी सरकेल, रेंज सरकेल आणि आनुवंशिकतेचा टक्का होता तिथेच बसेल. हे काल्पनिक नाही. लिव्हरच्या एएलटी टेस्टची वरची मर्यादा पुरुषांसाठी ४० आणि बायकांसाठी ३० धरत होते, मग इटलीतल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये रक्तदात्यांमधून जाड माणसं, चरबी-साखर वाढलेली माणसं, औषधं घेणारी माणसं वगळून परत हिशेब केला तर मर्यादा ३० आणि १९ वर आली. म्हणजे "निरोगी" म्हणून जी गर्दी घेतली होती तीच पूर्ण निरोगी नव्हती. त्यामुळे जुळ्यांच्या आकड्यांवर विसंबून "बघा, सगळं जीन्सचं आहे" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण चुकीच्या रेंजची किंमत कोण मोजतं तेही बघायला हवं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध, इतर औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटसाठी याच्या तोडीचं दुसरं नाही. त्यानं क्वचित न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर घसरतात, म्हणून पेशी ठराविक आकड्याखाली गेल्या की औषध थांबवायचा नियम होता. आता आफ्रिकी आणि काही मध्यपूर्वेच्या वंशाच्या कितीतरी लोकांत डफी नावाचा रक्तगटाचा प्रथिनघटक तांबड्या पेशींवर नसतो, त्यानं मलेरियाच्या एका जातीपासून संरक्षण मिळतं, आणि सोबत त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल जन्मापासूनच कमी दिसतात. जंतुसंसर्ग त्यांना काही जास्त होत नाही. यामागचा जीनमधला बदल २००९ मध्ये पक्का सापडला. तोपर्यंत आणि नंतरही कित्येक वर्षं या माणसांना, ज्यांना त्या औषधाची गरज होती त्यांना, ते मिळालं नाही किंवा मध्येच बंद झालं, आणि कारण काय तर त्यांचं निरोगी रक्त दुसऱ्याच गर्दीच्या रेंजमध्ये बसत नव्हतं. अमेरिकेत २०१५ मध्ये अशा लोकांना औषध सुरू करायला न्यूट्रोफिलची १५०० ऐवजी १००० ची वेगळी मर्यादा आली. माणूस आजारी, औषध समोर, आणि मध्ये उभी एक छापील रेंज. हे मला विसरता येत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग प्रत्येक वंशाची वेगळी रेंज छापा. नको. एका गटाच्या आतला फरक किती आनुवंशिक आहे यावरून दोन गटांमधल्या फरकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे जुळ्यांच्या अभ्यासाचं पहिलं पथ्य आहे आणि ते सर्रास मोडलं जातं. किडनीचं काम मोजायच्या अमेरिकन सूत्रात कृष्णवर्णीय असाल तर उत्तराला १.१५९ नं गुणायचं असं होतं, म्हणजे किडनी कागदावर जवळपास १६ टक्के चांगली दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर व्हायचा. २०२१ मध्ये तो गुणक काढून टाकला. कातडीचा रंग बघून जीन ओळखता येत नाही. डफीचा बदल आहे की नाही हे एका साध्या टेस्टनं कळतं, मग ती टेस्ट करा, माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज का लावायचा? जिथे एकच बदल मोठा परिणाम करतो आणि तो नीट माहीत आहे तिथे जीन तपासणं खरंच उपयोगाचं आहे. माझ्या गिल्बर्टचंच बघा, एरवी निरुपद्रवी, पण इरिनोटेकॅन हे कॅन्सरचं औषध द्यायची वेळ आली तर तोच बदल असणाऱ्यांना डोस जपून द्यावा लागतो. पण अशी उदाहरणं मोजकी. टीएसएच, प्लेटलेट, हिमोग्लोबिन यांच्यावर शेकडो जीन्सचा थोडा थोडा हात असतो, तिथे जीन्स वाचून तुमचा पट्टा काढायचा खटाटोप कशाला, जेव्हा तुमचं शरीर तो पट्टा दर तपासणीत स्वतःच लिहून देतंय.

माझ्यासाठी जुळ्यांच्या अभ्यासाचं सार हेच आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणात आपले बिंदू जन्मतः वेगळे असतील तर तुलना आधी स्वतःशी व्हायला हवी. २०२४ च्या शेवटी नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं की निरोगी माणसाच्या साध्या सीबीसीमधले, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतले, आकडे वर्षानुवर्षं स्वतःच्याच बिंदूभोवती फिरत राहतात. तेव्हा लॅबनं रिपोर्टवर गर्दीच्या रेंजशेजारी त्याच माणसाचे आधीचे तीन-चार आकडे छापावेत, आणि बाण द्यायचाच तर बदल खरा आहे की नुसतं हलणं आहे हे बघून द्यावा. त्याचं गणित उपलब्ध आहे, माणसाचं नेहमीचं हलणं आणि मशीनची चूक एकत्र धरून किती टक्क्यांच्या पुढचा बदल खरा मानायचा ते काढता येतं, क्रिएटिनिनसाठी ते साधारण १५ टक्क्यांच्या आसपास येतं. गर्दीची रेंज फेकून द्या असं मी म्हणत नाही, ज्याचा जुना रिपोर्टच नाही त्याच्यासाठी दुसरं आहेच काय, आणि हळूहळू वाढणारा आजार स्वतःच्या पट्ट्यालाही सोबत घेऊन सरकतो तेव्हा बाहेरचं कुंपण लागतंच.

लॅब म्हणतात की पेशंट आज इथे उद्या तिथे जातो, मशीन वेगळं, पद्धत वेगळी, आकडे जोडायचे कसे. अडचण खरी आहे, काही टेस्टमध्ये, विशेषतः हॉर्मोनच्या, दोन मशीनच्या आकड्यांत खरंच तफावत येते. पण ते कारण सांगून सगळंच सोडून द्यायचं का? रिपोर्टची फाइल पेशंटकडे असू दे, लॅबनं पद्धत छापावी, आणि निरोगी असताना दोन-तीनदा तपासून ठेवायला डॉक्टरांनी सांगावं, आजारी पडल्यावर घेतलेला पहिला रिपोर्ट कशाशी ताडून बघणार?

आणि हे वैद्यकशास्त्राला नवीन नाहीच मुळी. किडनी अचानक बिघडल्याची २०१२ पासून जगभर वापरली जाणारी व्याख्या बघा, ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ नं वाढलं की झालं, सुरुवात कुठून झाली याला महत्त्व नाही, त्या माणसाचा आधीचा आकडा हाच आधार. ज्याचं क्रिएटिनिन कायम ०.७ असतं त्याचं परवा ०.७ होतं आणि आज १.० आलं तर त्या व्याख्येनं त्याच्या किडनीला तातडीचं लक्ष हवं. आणि लॅबच्या कागदावर १.० समोर रेंज छापलेली असते ०.७ ते १.३, अक्षर साधं, बाण नाही.